टोपी आणि घोंगडी

पेठच्या त्या फोटोवाल्याला मी एकदाच भेटलो. वडिलांचा फोटो काढायचा होता. आजवरच्या फोटोंत एक तर त्यांची पांढरी टोपी तेवढी दिसायची आणि खाली काळा डाग, नाहीतर एखादा स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर त्यांना इतकं गोरं करायचा की आईसुद्धा ओळखायची नाही.

या माणसाने वडिलांना स्टुलावर बसवलं आणि पांढरी छत्री लावलेला स्ट्रोब लाइट, म्हणजे स्टँडवरचा मोठा फ्लॅश, त्यांच्या एका बाजूला आणला. मी जरा चिडूनच म्हणालो, "भाऊ, उजेड वाढवा की!" त्याने उलट कमी केला.

"ह्यो लाइट घ्यायला पुण्याला गेलतो, तवा पिशवीत काळी घोंगडी आन् पांढरी टोपी नेलती," तो म्हणाला. "घोंगडीवर टोपी ठिवून दुकानातला एकेक लाइट मारून बघितला. ज्याच्यात टोपीची घडी आन् घोंगडीची वीण दोनी दिसली, त्यो घेतला. दुकानदार लई हसला. पर राव, पांढरं कुनीबी दावंल. काळं दावायचं तर उजेड समजून टाकावा लागतो."

मग त्याने लाइट बोटभर वळवला, वडिलांचा गाल निरखला, पुन्हा बोटभर वळवला. घाई त्याच्या अंगातच नव्हती.

मग बटण दाबलं आणि फ्लॅश उडाला. कॅमेऱ्यातला फोटो वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आरं, ह्यो तर माझा बाप!"

आजोबांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.