जाळीत गप्प बसलेली

माझे दाजी भटकी कुत्री पकडतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस मुक्या जिवांच्या मुळावर उठलाय. तसं काही नाही. कुत्री पकडायची, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून घ्यायचं आणि जखम भरली की उचलली तिथंच नेऊन सोडायची. रस्त्यावर चिरडून मरायला नवी पिल्लं जन्मत नाहीत, एवढाच त्यातला मतलब. मी त्यांची गाडी चालवतो. बहिणीनं आधी संसार आणि मग मला त्यांच्या गळ्यात बांधलं.

दाजींचा एक नियम होता आणि आमच्या नसबंदी केंद्रात तो सगळे मानायचे. पाजणारी आई जाळीत गप्प बसत नाही. पिल्लं ज्या अंगाला, तिकडे ती जिवाच्या आकांतानं ओढ घेते. अशी दिसली की तिला सोडून द्यायचं आणि पिल्लं खायला लागल्यावर परत यायचं. पोट बघायची दाजींना कधी गरजच वाटली नाही.

त्या सकाळी एका इमारतीच्या जिन्यापाशी त्यांनी एक भुरी कुत्री धरली. जाळी पडताच ती खाली बसली. हूं नाही की चूं नाही.

"शहाणी आहे," दाजी म्हणाले, आणि आम्ही तिला घेऊन आलो.

दुपारी नव्या डॉक्टरीणबाईंनी भूल देण्याआधी तिचं पोट चाचपलं. जुने डॉक्टर असलं काही बघत बसायचे नाहीत. बाईंनी बोट वर केलं, त्यावर दूध होतं.

"हिची पिल्लं कुठं आहेत?"

पिसाळलेल्या कुत्र्यासमोर न डगमगणारा माणूस, पण दाजींचा चेहरा पांढराफटक पडला.

भुरीला पिंजऱ्यात घालून मी गाडी कशी हाणली ते माझं मला माहीत. इमारतीच्या फाटकात सोसायटीचे सेक्रेटरी आडवे आले. कुत्रीची तक्रार त्यांचीच होती.

"झालं ऑपरेशन?"

"नाही. पाजती आई आहे. चूक माझी," दाजी म्हणाले.

"मग परत कशाला आणली? इथं पिल्लंबिल्लं नाहीत. आम्हाला कधी आवाज आला नाही."

माझं डोकं सणकलं. मी दोन शब्द सुनावणार होतो, पण दाजी पिंजऱ्याकडे बघत होते. आत भुरी अंग चोरून, श्वाससुद्धा दाबून बसली होती.

"इथंच आहेत," ते म्हणाले. "पिल्लं लांब असती तर हिनं तिकडे ओढ घेतली असती. अगदी शेजारी होती, म्हणून ही गप्प राहिली. आपल्याला कळू नये म्हणून."

ते तडक जिन्याखाली गेले. तिथं विटांची ताजी भिंत होती, सिमेंट अजून ओलं होतं.

"ते भगदाड सकाळी तुम्ही हिला नेल्यावर लगेच बुजवून घेतलं," सेक्रेटरी म्हणाले. "कुत्री तिथंच घुसायची, म्हणून..."

"बुजवण्याआधी आत बघितलं कुणी?"

दाजी नखांनी सिमेंट उकरायला लागले, मी वीट धरून हलवू लागलो. मागून कुणीतरी पहार पुढे केली. बघतो तर सेक्रेटरीच.

दोन विटा निघाल्या. आतून आवाज आला नाही. दाजींनी खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपडत राहिले. पहिलं पिल्लू बाहेर आलं ते थंडगार होतं. दुसऱ्यानं बोटाला तोंड लावलं. मग आणखी दोन निघाली, धुळीनं माखलेली, पण जिवंत. मी पिंजरा उघडला. भुरी आमच्या पायांमधून धावली आणि तिथंच आडवी झाली.

"आता हिचं ऑपरेशन?" सेक्रेटरींनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"पिल्लं खायला लागली की येतो. तोवर हे उघडं असू द्या."

"असू देतो."

परतताना दाजी माझ्या शेजारी बसले. मेलेलं पिल्लू त्यांनी रुमालात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. वाटेत त्यांनी विचारलं.

"गप्प बसलेल्या अशा आजवर किती नेल्या असतील रे आपण?"