ज्योत्स्नाची डावी भुवई

ज्योत्स्नाच्या दोन भुवया सारख्या दिसत नाहीत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मला मनातून जरा बरंच वाटलं. जी बाई आमच्या साऱ्या सिंदी मेघे गावाच्या भुवया कोरते, तिला स्वतःची जोडी जमू नये म्हणजे कमाल झाली. डावी काळीभोर आणि चकचकीत, उजवी आपली साधी. मी पडले शिक्षिका. चूक दिसली की पर्समधून लाल पेन काढायची सवय. पार्लरच्या खुर्चीत बसल्या बसल्या बोलून मोकळी झाले.

"डावीले एरंडीचं तेल लावून राह्यली मॅडम, दोन महिने झाले," ती म्हणाली. "उजवीले मुद्दाम नाई लावत."

"काऊन?"

"मंग फरक कसा समजन?"

आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर तिचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, खिडकीत कोरफडीची कुंडी. नवरा कैलास कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ती मूळची पवनारची. तिचे वडील रूपराव बैलबंडी हाकायचे आणि बंडीच्या आसाला एरंडीचं तेल घालायचे. तेच तेल आई पोट साफ व्हायला पाजायची आणि तेच डोक्याला चोपडायची. भावंडं नाक दाबून पळायची, ही मात्र विचारत बसायची, की चाकाला, पोटाला आणि केसाला एकच तेल कसं चालतं? घरात कुणी उत्तर दिलं नाही. आई म्हणायची, "चालते म्हनून चालते." एवढ्यावर गप्प बसणारी ती नव्हती.

पार्लर काढल्यावर तिनं एक दोनशे पानी वही केली. कुठल्या बाईला कशानं खाज सुटली, कुणाचा चेहरा कशानं लाल झाला, सगळं त्यात. नवीन काही लावायचं असलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावायची आणि म्हणायची, "उद्या येजो, मंग पाहू." बाया वैतागायच्या. सगळ्यांत जास्त मी वैतागायचे.

तीन महिने झाल्यावर तिनं दोन्ही भुवयांचे मोबाइलवर फोटो काढले, मोठे केले आणि सारख्या लांबीच्या पट्ट्यातले केस मोजले. डावीत एकोणसत्तर, उजवीत एकाहत्तर.

"म्हणजे तेलानं कमी झाले?" मी हसले.

"दोनचा फरक म्हणजे मोजण्यातली चूक. पण वाढले नाई हे तर खरं. तेलानं चमकतात, म्हणून दाट वाटते. मोबाइलवर बाया छातीठोक सांगतात का महिनाभरात पापण्या लांब होतात. मले तर तसं काई दिसलं नाई."

मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. बावीस वर्षांत मी फळ्यावर शेकडो प्रयोग लिहिले, पण घरी एकही करून पाहिला नव्हता. हे मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही.

हिवाळ्यात माझ्या मुलीला, आकांक्षाला, डेंगू झाला. ती उठली, पण नंतर केस मूठमूठ गळायला लागले. भुवया विरळ झाल्या, पापण्या तर नावालाच उरल्या. मे महिन्यात तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. पोरगी आरशापुढून हलेना. मी तिला ज्योत्स्नाकडे घेऊन गेले.

ज्योत्स्नानं तिचं तोंड उजेडाकडे वळवून नीट पाहिलं. "तापानं गेलेले केस बहुतेक आपोआप येतात बाई. चार-सहा महिने लागतात. तेल लावलं तरी तेवढेच, नाई लावलं तरी तेवढेच."

"पण काकू, काहीतरी करावंसं वाटते ना," आकांक्षा रडवेली झाली.

"मंग नीट आयक. मेडिकलमधून शिलबंद लहान बाटली घेजो. घरातलं उघडं तेल नको. पहिले हाताच्या लवणीत, कोपरापाशी, लावून एक दिवस पाहजो. ब्रश नवा कोरा, दुसऱ्या कोणाचा नाई. तेलात बुडवला का कागदावर पुसजो, इतका का ब्रशले वाटलं पाह्यजे, तेल संपलं. चेहरा धुऊन भुवयावर फिरवजो, अन् पापणीच्या वरच्या केसाच्या शेंड्यावर. डोळ्याच्या आतल्या काठावर काजळासारखं नाई ओढायचं. लेन्स घालत असशीन तर काढून ठेवजो. सकाळी धुऊन टाकजो. अन् डोळा लाल झाला, चुरचुरला, तर त्याच घडी पाण्यानं धुवून डोळ्याच्या डॉक्टरकडे जाजो. माह्याकडे नको येऊ, मी डॉक्टर नाई."

घरी येताना मेडिकल वाटेतच होतं. मी थांबले नाही. घरात भलीमोठी बाटली भरून एरंडीचं तेल असताना बोटभर बाटली विकत काय घ्यायची? आंजी गावाला माझी मोठी जाऊ, जिजाबाई, दरवर्षी घरी तेल काढते. एरंड्या भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल अलगद काढायचं. घरचं ते शुद्ध, हे आमच्या घरात कुणी कधी तपासलेलं नाही. गव्हाच्या कोठीमागून बाटली काढली, एका रिकाम्या शिशीत थोडं तेल ओतलं आणि पोरीच्या हातात दिलं.

"हातावर लावून पाहायचं ना आधी?" आकांक्षानं विचारलं.

"घरच्या तेलाची कसली परीक्षा घेतेस?" मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन्ही पापण्या सुजून आल्या. डोळे लालभडक, पाणी थांबेना, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी डोळे धुतले, थेंब दिले आणि काय लावलं ते विचारलं. मी म्हटलं, पार्लरवालीनं एरंडीचं तेल सांगितलं होतं. ते म्हणाले, बुबुळाला काही झालेलं नाही, पण बाटली दाखवायला आणा.

मी बाटली आणायला गेलेच नाही. तशीच पार्लरवर गेले. तिथे पाच बाया बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी ज्योत्स्नाला नाही नाही ते बोलले. "तुह्या सांगण्यानं माह्या पोरीचे डोळे गेले असते," इथपर्यंत बोलले. तिच्या हातातला दोरा लोंबकळत राहिला. ती एवढंच विचारत होती, "किती लावलं? आतल्या काठाले लागलं का? जळजळ लगेच झाली, का सकाळी?" मला वाटलं, ही बाई निगरगट्ट आहे. घरी येऊन मी मोहल्ल्याच्या महिलांच्या ग्रुपवर लिहिलं की या पार्लरमधला कुठलाही सल्ला ऐकू नका, माझी मुलगी आंधळी होता होता वाचली.

लग्नसराईचे दिवस. दोन दिवसांत तीन नवरीमुलींनी तिच्याकडचा मेकप रद्द केला. त्यात शेजारची आचलही होती. पार्लरवरून जाताना दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसायच्या. मला वाईट वाटलं नाही. बरी खोड मोडली, असंच वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजता, ज्योत्स्ना वही घेऊन दारात उभी. मी आत ये म्हटलं नाही. ती आपणहून आली, आकांक्षाची सूज उतरलेली पाहिली, आणि मग मला म्हणाली, "मॅडम, थे तेलाची बाटली दाखवता का?"

मी कोठीमागून बाटली काढून तिच्यापुढे आदळली. ती बघतच राहिली. "हे कुठलं? मी तर मेडिकलचं सांगतलं होतं."

"घरचं आहे. मेडिकलच्यापेक्षा चांगलं."

तिनं स्टीलचं ताट मागून घेतलं आणि अंगणात उन्हात बसली. पिशवीतून स्वतःची लहान बाटली काढली, ताटाच्या एका कडेला तिच्यातला एक थेंब टाकला. मग आमची बाटली हलवून तिच्यातला एक थेंब शेजारी टाकला. ताट तिरपं केलं. दोन्ही थेंब सावकाश खाली ओघळले. तिच्या थेंबामागे स्वच्छ ओली रेघ राहिली. आमच्या थेंबामागे पांढरी भुकटी राहिली.

एव्हाना मीही वाकून पाहत होते. राग होताच, पण ते पांढरं काय आहे हे मलाही कळायला हवं होतं.

"बोट लावून पाहा."

तेल बोटांत चोळलं तर बारीक कचकच लागली.

"कोठीच्या मांगं काऊन ठेवता तुम्ही बाटली?" तिनं विचारलं.

"गव्हाला लावायचं असते ना वर्षाचं." मी कोठीचं झाकण उघडून दाखवलं. तिनं मूठभर गहू घेतले, तळहातावर चोळले आणि हातावर राहिलेलं पांढरं माझ्यापुढे धरलं.

"गव्हाले नुसतं तेलच लावता?"

"तेल, अन्..."

मार्चमधली दुपार डोळ्यांपुढे आली. वाडगाभर तेलात मी बोरिक पावडर कालवली होती, किडे लागू नयेत म्हणून दरवर्षी कालवते तशी. गहू चोळून झाले, अर्धा वाडगा उरला. वाया कशाला घालवायचा, म्हणून याच बाटलीत परत ओतला होता. आणि तेच तेल मी पोरीला डोळ्यांना लावायला दिलं होतं.

ज्योत्स्नाला कळलं होतं, हे मला तिच्याकडे पाहून समजलं. पण ती मुठीतल्या गव्हांकडे पाहत उभी राहिली. दारात आकांक्षा उभी होती. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या मनात आलं की जिजाबाईच्या तेलात काहीतरी खराबी असेल असं म्हणून टाकावं. सत्तरीची बाई, तिकडे आंजीला. तिनं मुकाट ऐकून घेतलं असतं.

"बोरिक पावडर," मी म्हटलं. "मीच ओतली होती बाटलीत परत."

ज्योत्स्ना रडायला लागली. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तीन दिवस मी आपल्या डाव्या डोळ्याले लावून राह्यली," ती डोळे पुसत म्हणाली. "माह्याच बाटलीतलं. जाड, आतल्या काठाले, पोरीनं लावलं असन तसं. धुंधलं दिसे काई वेळ, चिकट लागे. पण सुजला नाई. मंग मनात आलं, का तेलच दुसरं असन."

"तुझा डोळा गेला असता म्हणजे?"

"मंग मले समजलं असतं का मीच पोरीचा डोळा बिघडवला. समजलंच नसतं तर मले जगणं कठीण झालं असतं, मॅडम."

हा वेडेपणा कुणी करू नये. डॉक्टरांनी नंतर तिचा डोळा तपासला आणि तिला चांगलंच रागावले. डोळा चांगला आहे. पण चार दिवस मी तिला शिव्या घालत होते, आणि त्यातले तीन दिवस ती माझ्या आरोपाची परीक्षा स्वतःच्या डोळ्यावर घेत होती, हे माझ्या मनातून जात नाही.

दुपारी मी ग्रुपवर लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, 'काही गैरसमजामुळे'. खोडलं. गैरसमज कुणाचा? मग लिहिलं, 'असे निदर्शनास आले आहे की'. आम्हा शाळेच्या लोकांना हे छान जमतं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, 'ज्योत्स्नानं सीलबंद बाटली सांगितली होती, मी ऐकलं नाही. तेल माझ्या घरचं होतं. त्यात गव्हाची बोरिक पावडर मीच मिसळली होती. चूक माझी.' पहिल्या निरोपाला त्रेचाळीस जणींनी उत्तर दिलं होतं. याला सात जणींनी दिलं.

म्हणून शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, मी पार्लरवर गेले. त्या दिवशीच्या पाच बायांतल्या तिघी होत्या. खुर्चीत बसून मी सगळं पुन्हा मोठ्यानं सांगायला लागले. ज्योत्स्नानं दोरा दातांत धरला होता. तो सोडून म्हणाली, "बोलू नका मॅडम, भुवई वाकडी होईन." मी तरी बोलले. भुवई खरंच थोडी वाकडी झाली.

मेकप रद्द केलेल्या नवरीमुलींपैकी दोघी परत आल्या. आचल आली नाही. तिनं दुसरीकडे ठरवलं होतं. आकांक्षाचं साक्षगंध विरळ भुवयांवर आणि बिनकाजळाच्या स्वच्छ डोळ्यांवर पार पडलं, आणि मुलाकडच्यांनी जेवणाशिवाय कशाचीही चौकशी केली नाही.

परवा गेले तेव्हा ज्योत्स्ना आत चहा ठेवत होती. वही आरशापुढे उघडी होती. मी दुसऱ्याच्या वह्या पाहण्यातच जन्म घालवला आहे, पाहिली. वर आकांक्षाचं नाव. खाली लिहिलं होतं, 'माह्या सांगण्यानं झालं का?' मग तीन दिवसांची टिपणं: 'डावा डोळा, सकाळी चिकट. सूज नाई.' मग, 'तेल मॅडमच्या घरचं. गव्हाचं बोरिक. मॅडमनं सोताहून सांगतलं.' आणि सगळ्यांत शेवटी, 'माही चूक: कोणतं तेल वापरते, थे पहिलेच पाहाले पाह्यजे होतं.'

मी पर्समधलं लाल पेन काढलं. 'माही' खोडलं आणि वर लिहिलं, 'मॅडमची'.

ज्योत्स्ना चहाचे कप घेऊन बाहेर आली. वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे काऊन खोडलं मॅडम?"

"चूक दिसली," मी म्हटलं.