मावसाजींच्या मराठीतला सिनेमा

आमच्या मावसाजींनी आजवर एकही सिनेमा काढणाऱ्यानं काढला तसा पाहिलेला नाही, आणि शेजाऱ्यालाही पाहू दिलेला नाही. मावसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तेलंगणाच्या मराठी बोलणाऱ्या सीमाभागात, जैनथजवळ त्यांची शेती. आदिलाबादच्या टॉकीजला लागायचे ते बहुतेक तेलुगू सिनेमे, आणि मावशीला तेलुगू येत नाही म्हणून मावसाजी अख्खा सिनेमा तिला मराठीत सांगत. नुसता सांगत नसत, सुधारून सांगत. नायक गाणं म्हणायला परदेशी गेला की, "बँकेच्या कामाले चालला," असं ते ठोकून देत, कारण विनाकारण इतक्या दूर जाणारा माणूस त्यांना पसंत नव्हता. खलनायक कोणीही असो, मावसाजींच्या मराठीत तो त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचाच निघे. मार खाणाऱ्या गुंडांचा मात्र त्यांना कळवळा. "रोजीनं आणलेले पोट्टे हायत, त्याइले काऊन मारून राह्यला?" एकदा पुढच्या रांगेतला एक जण "चूप बसा" म्हणून ओरडला, तर मागची मराठी मंडळी त्याच्यावरच उसळली: "बोलू द्या त्याइले, आमाले बी समजते!"

या कीर्तीमुळेच निवडणुकीत तो प्रकार घडला. एक उमेदवार गावात आले. त्यांना मराठी येईना, गावातल्या म्हाताऱ्या मंडळींना ना तेलुगू समजे, ना धड हिंदी. मग माइकजवळ मावसाजींना उभं केलं. उमेदवार विकास, जनता, आशीर्वाद असं मोघम बोलत होते. मावसाजींना असले संवाद पडद्यावरही कधी आवडले नव्हते. त्यांनी भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, संध्याकाळची बस बंद झाली, ती मी चालू करतो. नाही केली तर या गावात तोंड दाखवणार नाही." असा टाळ्यांचा कडकडाट झाला की उमेदवार भारावून हात जोडत राहिले. ते निवडून आले, आणि गाव बस मागायला त्यांच्या दारात जाऊन उभं राहिलं. साहेबांनी मावसाजींना बाजूला घेतलं. "मैंने ऐसा कब बोला?" मावसाजी शांतपणे म्हणाले, "आप नहीं बोले साहब, पर बोलना था ना." साहेब खो खो हसले. बस सुरू झाली. पहिल्याच दिवशी कंडक्टरनं मावसाजींना पूर्ण तिकीट काढायला लावलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता मावशीचे गुडघे दुखतात, त्यामुळे टॉकीज सुटली. घरी टीव्हीवर तेच सिनेमे हिंदीत लागतात. मुलगा म्हणतो, "बाबा, ऐकू द्या जरा." गेल्या खेपेला मी गेलो तेव्हा मावसाजी टीव्हीपुढे गप्प बसले होते. मला ते बघवेना, म्हणून मावशीबरोबर बाजारात गेलो. तिथं ती वांगीवालीशी तेलुगूत फाडफाड हुज्जत घालू लागली. मी थक्क.

"मावशी, तुले तेलुगू येते?"

"बाजार कोण करत होतं मंग इतके वर्षं?"

"मंग टॉकीजमंदी..."

"तो खरा पिच्चर कोणाले पाहाचा होता?" पिशवी सावरत ती म्हणाली. "त्याइले सांगू नको बरं."

घरी आल्यावर तिनं टीव्हीचा आवाज कमी केला आणि मावसाजींच्या शेजारी जाऊन बसली.

"अवो, हे हिंदी मले काही समजून नाही राह्यलं. काय म्हणते तो?"

मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि हळूच घसा खाकरला.