विजूमावशीचा पांजरपोळ

विजूमावशी मला पहिल्यांदा भेटली ती माझ्या हातातला दह्याचा डबा हिसकावून घेताना.

मी अ‍ॅडलेडला नवीनच आले होते. मॉसन लेक्सच्या कॅम्पसवर मास्टर्स चालू होतं आणि एका कॅफेत शिफ्ट्स करत होते. वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, की बसने थोडं पुढे गेलं की एक स्वस्त ग्रोसरीचं दुकान आहे. मोठ्या सुपरमार्केटनी नाकारलेला, तारीख जवळ आलेला, खोक्याला मार बसलेला असा सगळा माल तिथे येतो. तिथल्या फ्रीजसमोर मी उभी होते. कानाला फोन होता, फोनवर नाशिकहून आई होती, आणि मी म्हणत होते, ‘‘हो गं, जेवले. वरण-भात केला होता.’’

तेवढ्यात एक हात पुढे आला आणि त्याने माझ्या हातातला डबा काढून घेतला. साठी उलटलेल्या, आखूड केसांच्या, गळ्यात चष्मा लटकवलेल्या एक बाई होत्या.

‘‘झाकण बघ. फुगलंय. हे दही नाही, संकट आहे,’’ त्या मराठीत म्हणाल्या. मग माझ्या बास्केटमधल्या नूडल्सकडे बघून म्हणाल्या, ‘‘आणि यात वरण-भात कुठे दिसत नाहीये मला.’’

त्या दुपारी मी त्यांच्या घरी जेवले. तूर डाळीचं वरण, भात आणि वांग्याचं भरीत. मी दोनदा ‘तुम्ही’ म्हटल्यावर त्यांनी पळी खाली ठेवली. ‘‘मावशीला कुणी अहो-जाहो करतं का?’’ तेव्हापासून ती माझी मावशी झाली.

मावशी म्हणजे डॉक्टर विजया कारखानीस. मुंबईत मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. नवऱ्याबरोबर तरुणपणी इथे आली आणि निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवत आणि ओळखत राहिली. काका गेल्यावर मोठ्या घरात एकटीच होती. मुलगी सई सिडनीला. पैशाची तिला काही ददात नव्हती. तरीही दर बुधवारी, दुकानात नवा माल उतरला की मावशी हजर. त्या दुकानाला तिने नाव ठेवलं होतं पांजरपोळ. ‘‘चल, पांजरपोळात कोण कोण आलंय बघू,’’ असा मेसेज आला, की मी लेक्चर संपवून बस पकडायची.

तिच्याबरोबर दुकानात फिरणं हे एक शिक्षणच होतं. ती डबे हातात घेऊन फिरवायची, पत्र्याच्या शिवणीवर बोट फिरवायची. ‘‘पोचा आलेला चालेल, पोट सुटलेला नको. शिवणीवर मार बसला असेल तर राम राम.’’ तारखांबद्दल तिचं मत ठाम होतं. ‘‘‘यूज बाय’ म्हटलं की मी हात जोडते. ‘बेस्ट बिफोर’ हा नुसता सल्ला असतो. आपण किती जणांचे सल्ले ऐकतो?’’ चीजच्या कपाटासमोर ती हमखास रेंगाळायची. तारीख उलटायला आलेलं एखादं चीज उचलून म्हणायची, ‘‘हे आत्ता कुठे वयात आलंय आणि हे लोक याला घराबाहेर काढतायत!’’

सगळ्यात शेवटी वाइनचं कपाट. इथे लेबल न लावलेल्या बाटल्यांना क्लीनस्किन म्हणतात. एखाद्या वायनरीकडे माल उरला, की ती नाव न लावता स्वस्तात विकून टाकते. मावशीला या बाटल्यांचं विशेष प्रेम. ‘‘नाव नाही, गाव नाही. घरी नेऊन बोलतं करायचं.’’ आणि खरंच, रोज संध्याकाळी एकच ग्लास समोर घेऊन ती त्या वाइनशी ओळख करून घ्यायची. कुठल्याही पुस्तकातले शब्द नसायचे. ‘‘ही कोकमाच्या आगळासारखी आहे. भरल्या वांग्याबरोबर जाईल.’’ किंवा, ‘‘ही फार गोड बोलते. हिच्यापासून जपून.’’ माझ्या घरात वाइन हा शब्दही कुणी काढत नसे. इथे एक मराठी बाई पोळीचा तुकडा मोडत, पदराला बोटं पुसावीत इतक्या सहजपणे घोट घेत होती, याची मला पहिल्यांदा फार गंमत वाटली होती.

हे तिला शिकवलं शेजारच्या रोझाने. मावशी इथे आली त्या पहिल्या वर्षी काका दिवसभर कामावर, इंग्रजी बोलायची भीड, आणि मुंबईची आठवण. स्वयंपाक करावासाच वाटत नसे. इटालियन रोझाने कुंपणावरून दोन-चार दिवस बघितलं आणि एका दुपारी सरळ पास्त्याचं पातेलं आणि घरची वाइन घेऊन दारात उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मावशीला इटालियन. ‘‘दोघी एकमेकींना कळेपर्यंत हसलो आणि जेवलो,’’ मावशी सांगायची. ‘‘माणूस एकटं जेवायला लागलं ना तनू, की आधी मीठ घालायचं विसरतं, मग जेवायचंच विसरतं. मी बघितलंय स्वतःला.’’

म्हणून बुधवारच्या खरेदीनंतर गुरुवारी तिच्याकडे जेवण असायचं. मी, कॅम्पसवरची मुलं, नाइट शिफ्ट करणारा एखादा नेपाळी नर्स, जो येईल तो. दिवाळीच्या कार्यक्रमात मावशीने करून नेलेलं पनीर खाता खाता एक बाई तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘‘विजयाताई, तुम्हाला काय गरज हो त्या दुकानात जायची?’’ मावशी शांतपणे म्हणाली, ‘‘मला गरज नाही. त्या पनीरला आहे. उद्या कचऱ्यात जाणार होतं बिचारं, आज तुम्ही खाताय.’’ बाईंच्या हातातला घास क्षणभर थांबला. मग त्याही हसल्या, आणि पुढच्या गुरुवारी नवऱ्याला घेऊन आल्या.

या गुरुवारच्या जेवणातच मला बिनू भेटला. केरळचा, एज्ड केअरमध्ये नर्स, अबोल, आणि जेवण झाल्यावर न सांगता भांडी घासायला उभा राहणारा. आम्ही लग्नाचं ठरवलं तेव्हा आमच्या घरी वादळ झालं. मुलगा ख्रिश्चन, भाषा वेगळी. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, ‘‘तुला करायचं ते कर. आम्हाला त्यात धरू नकोस.’’ त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. बाबा बाहेर गेले की आई फोन करायची आणि रडायची. बिनूकडची मंडळीही येणार नव्हती.

‘‘मग जेवायला काय करणार?’’ मावशीने विचारलं.

‘‘काही नाही. रजिस्ट्रारसमोर सही करू आणि पिझ्झा मागवू.’’

‘‘लग्न करतेयस की असाइनमेंट सबमिट करतेयस?’’ मावशी उखडली. ‘‘पंगत होईल. माझ्या अंगणात होईल. बोलू नकोस मध्ये.’’

पुढचे कित्येक बुधवार ती लग्नाची खरेदी करत होती. बाहेरची पिशवी फाटलेला बासमती, पोचे आलेले छोल्यांचे डबे, तुकडा बदाम, आणि एका वायनरीच्या उरलेल्या फसफसत्या वाइनची खोकी. गोडाचं मात्र ठरत नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुकानाच्या मॅनेजरचा, थिओचा, तिला फोन आला. ‘‘डॉक्टर, आंबे आलेत. खूप पिकलेत, डाग पडलेत, सुपरमार्केटने परत पाठवले. आज दुपारी नेले नाहीत तर फेकावे लागतील.’’

मावशीने फोन ठेवला आणि टाळी वाजवली. ‘‘डाग पडलेला, मऊ झालेला आंबा! या लोकांना कळतच नाही तो कशासाठी असतो!’’

बिनूच्या गाडीतून पेट्या आल्या. बाहेर डिसेंबरचं रखरखीत ऊन होतं. गॅरेजमध्ये सतरंज्या टाकून आम्ही सगळे आंबे पिळायला बसलो. नेपाळी, पंजाबी, मल्याळी, कोपरापर्यंत पिवळे झालेले हात. अशात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी रडवेली होऊन म्हटलं, ‘‘आई, उद्या आमरस आहे. एवढा रस कसा करायचा असतो?’’ आईचा चेहरा पार बदलला. ती रडायची थांबली आणि सूचना द्यायला लागली. कोयी दुधात धुवा, चिमूटभर मीठ, सुंठ शेवटी. मावशीने फोन एका डब्याला टेकवून ठेवला आणि आई सांगेल तसं करत गेली.

मग अचानक आईच्या मागून आवाज आला. ‘‘फार पातळ करू नका म्हणावं.’’

आईने मागे वळून पाहिलं. बाबा दारात उभे होते. ते आत आले, पडद्याकडे वाकून बघितलं. माझ्याकडे नाही, पातेल्याकडे. ‘‘आणि वाढताना वर तूप. मिरपूड. नाहीतर बाधतो.’’

मावशी पिवळे हात जोडून म्हणाली, ‘‘नमस्कार भाऊ, मी विजया कारखानीस. तूप आहे, मिरपूड माझ्या लक्षातच नव्हती. बरं झालं सांगितलंत. उद्या तुमच्या सकाळी आमची पंगत बसेल. फोन असाच लावून ठेवते. तुम्ही दोघं समोर बसा.’’

बाबा वळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली पंगत बसली. मावशीने फोन लावला. पडद्यावर पैठणी नेसलेली आई होती, आणि तिच्या शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा. मावशीने फोन हातात घेऊन त्यांना सगळ्या पंगतीतून फिरवलं. स्टीलच्या पेल्यांत फसफसणारं काहीतरी बघून बाबांनी विचारलं, ‘‘ते काय पितायत?’’

‘‘द्राक्षांचंच आहे,’’ मावशी म्हणाली. ‘‘नाशिककरांना मी काय सांगावं!’’

बाबा हसले. मग फोन बिनूसमोर आला. त्याने पाठ केलेलं मराठी वाक्य म्हटलं, ‘‘बाबा, रस छान झालाय.’’ बाबा त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘‘पोटभर जेवा.’’

माझ्या मुलीच्या जन्माला आईबाबा अ‍ॅडलेडला आले. तोवर मावशीचे हात थरथरायला लागले होते आणि तिचं गाडी चालवणं बंद झालं होतं. बाबा, ज्यांनी नाशिकला कधी भाजीची पिशवी उचलली नव्हती, ते दर बुधवारी तिची ट्रॉली ढकलायला जाऊ लागले. ती डबा दाखवायची, ते चष्मा लावून तारीख वाचायचे. एकदा मी मागून चालत होते. बाबा थांबले आणि अडखळत म्हणाले, ‘‘विजयाताई, आमच्या पोरीचं तुम्ही... आम्ही नव्हतो तेव्हा...’’

‘‘ट्रॉली सरळ धरा, भाऊ,’’ मावशी म्हणाली, ‘‘अंड्यांवर आदळेल.’’ पण पुढची रांग संपेपर्यंत तिने चष्म्याखालून डोळे दोनदा टिपले.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. सई सिडनीहून आलेली होती, शेवटचे दिवस तिच्याजवळच होती. निरोपाच्या दिवशी हॉल भरून गेला. कोण कुठल्या वर्षी तिच्याकडे गुरुवारी जेवायचं, हेच सगळे एकमेकांना सांगत होते. थिओ दुकान बंद ठेवून आला होता. कोपऱ्यात उभा राहून तो रडत होता.

मला आज घर आहे, नोकरी आहे, माणसं आहेत. यातलं किती मावशीच्या हातून माझ्याकडे आलं याचा विचार करायला लागले की शब्द कमी पडतात. तिला ते आवडलंही नसतं.

मावशी गेली त्याच दिवशी घरी येऊन मी नाशिकला परतलेल्या आईबाबांना फोन केला. आईने घेतला. बाबा शेजारीच बसले होते, त्यांनी ऐकलं. मग खुर्ची सरकली, आणि आई दूर कुठेतरी त्यांच्याशी बोलत राहिली.

‘‘बाबा कुठायत?’’ मी विचारलं.

‘‘आंघोळीला गेलेत,’’ आई म्हणाली. आमच्याकडे जवळच्या नात्यातलं कुणी गेलं, की बातमी ऐकल्यावर आंघोळ करतात. ‘‘मी म्हटलं, अहो, गार आहे पाणी, तापवून देते. तर म्हणाले, थांबायचं नसतं, बहीण होती माझी.’’