गुलाबरावांचं दिव्याचं कपाट

आम्हां वायरमन लोकांना किस्से शोधावे लागत नाहीत. कोणाच्याही घरात शिडी लावून वर चढलं, की अख्खं घर दिसतं! दुकान सोडून वर्षं झाली, तरी चार जण बसले की कोणीतरी म्हणतंच, "थ्या कपाटाची गोष्ट सांग नं!" आता त्या एका कपाटाच्या किती गोष्टी, हे मलाच माहीत.

*

पन्नास सालानंतरचा चांदा. वीज असलेली घरं मोजकीच. मी आणि रहीमभाई, आमचं दोघांचं दुकान. गुलाबराव म्हणजे जंगलाचे ठेकेदार. नागपूरला एका साहेबाच्या बंगल्यात त्यांनी फ्रीज पाहिला. थंडगार पाण्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. दार उघडताच आत दिवा लागला, तिथेच माणूस खलास!

गाडीतून उतरून थेट दुकानात. "रहीमभाई, माह्या सागवानी कपाटाले तसाच दिवा पायजे!"

"कपाटात ठेवता काय?" मी विचारलं.

"थे मंग पाहू. आधी दिवा!"

*

असला खटका चांद्यात मिळणार कुठे? रहीमभाईंनी दारावरच्या घंटीचं बटणच चौकटीत बसवलं. गुलाबरावांनी पाहुण्यांसमोर ऐटीत दार उघडलं. आत काळोख! मी बल्ब चाचपला, तर बोटाला चटका बसला. दार लागलं की बटण दाबलं जायचं आणि दिवा आत पेटायचा. उघडलं की विझायचा!

रहीमभाई काय बावचळतात! "दिवा एकदम बराबर हाये, शेठ. तुमीच गलत टाइमले पाहून राह्यले!"

मग सायकलच्या सीटची स्प्रिंग आणि पितळेची पट्टी जोडून त्यांनी उलटा खटका घडवला. तो मात्र चालला.

*

झालं! घरी येईल त्याला कपाट दाखवणं सुरू. कोरपन्याकडचा एक म्हातारा शेतकरी आला. दिवा लागताच त्याने वहाणा काढल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

"देव कोनता होय, भाऊ?"

आत गुलाबरावांचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा लटकत होता.

*

गुलाबराव वाचनालयाचे अध्यक्ष. "लोक पुस्तकं नेतात अन् वापस करत नाई!" हे त्यांचं दर सभेतलं भाषण. एके दिवशी वाचनालयाचे चिटणीस दिवा पाहायला आले. दार उघडलं. वरच्या फळीवर पुस्तकंच पुस्तकं, प्रत्येकावर वाचनालयाचा शिक्का!

चिटणीस शांतपणे म्हणाले, "छान. शाखा कधी उघडली?"

दुसऱ्या दिवशी गुलाबराव दुकानात हजर. "काहो, कमी उजेडाचा बल्ब हाये का?"

*

एकदा सकाळी मी आणि रहीमभाई खटका तपासायला गेलो होतो, तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर आले. कपाट पाहून म्हणाले, "दार लावल्यावर दिवा विझतो, हे कशावरून? कोणी पाहिलंय?"

फटीतून पाहावं, तर सुताराने दाराला फटच ठेवली नव्हती. गुलाबरावांना ते सहन होईना. त्यांनी कपडे बाहेर फेकले, खालची फळी काढली आणि स्वतःच आत शिरले. "लावा दार!"

मी दार लावलं. कुलूप खट्कन बसलं. ते आपोआप बसायचं, उघडायला मात्र किल्ली लागायची.

आतून आरोळी आली, "विझला! विझला!" आम्ही टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळाने आवाज आला, "आता खोला!"

किल्ली कौसल्याबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कमरेला. त्या पिठाचे हात पुसत आल्या आणि कपाटासमोर उभ्या राहिल्या. कपाटाच्या पाठीला, भिंतीच्या बाजूने, हवेची भोकं होती म्हणून बरं.

"काही दिसून राह्यलं का आत?" त्यांनी विचारलं.

"काईच नाई! अंधार हाये नुसता! खोल लवकर!"

"मी बारा वर्सं झाली, असल्याच अंधारात सैपाक करून राह्यली. कपड्यायले दिवा, अन् मले चिमणी!"

कौसल्याबाई आमच्याकडे वळल्या.

"रहीमभाऊ, सैपाकघरात दिवा लावाले किती टाइम लागन?"

"दीड घंटा, बाई."

"मंग आधी थे करा!"