दुहेरी पहारा

दीनानाथ राजोपाध्ये रेल्वेत सिग्नल इंजिनिअर होते आणि निवृत्तीनंतरही ते सिग्नलच राहिले. लखनौच्या इंदिरा नगरातल्या त्यांच्या घरात काय चालेल आणि काय नाही, हे तेच ठरवायचे. सगळ्यात कडक नियम नातीला होता. मुलाची बदली झाली आणि अनन्या शिक्षणासाठी आजी-आजोबांकडे राहिली, तेव्हापासून घरात हिंदी बंद. ती हिंदीत काही म्हणाली की आजोबांचं एकच उत्तर, "मराठीत बोल." बिचारी शब्द शोधायची आणि सापडले नाहीत की गप्प बसायची. आजोबा स्वतः भाजीवाल्याशी अस्खलित हिंदीत हुज्जत घालायचे, ती गोष्ट वेगळी!

घरचा कॉम्प्युटर अलीकडे भयंकर तापायचा. आतला पंखा घरघरायचा, माउस मध्येच अडकायचा. अनन्याला डिझाइन कॉलेजच्या प्रवेशासाठी स्वतः केलेली ॲनिमेशन फिल्म पाठवायची होती आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. दुपारी फिल्म तयार होता होता मशीन पुन्हा बंद पडलं.

"आजोबा, एक बार मेरी बात सुन लीजिए, ये जो आपने..."

"मराठीत बोल."

अनन्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोलणार काय! तुझ्या त्या चित्रांच्या सॉफ्टवेअरने मशीनची वाट लावली. यापुढे हात लावायचा नाही."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पेन ड्राइव्ह उचलून ती जानकीपुरमला मैत्रिणीकडे निघून गेली. सुचित्राबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की दीनानाथांनी मशीन सुरू करून स्वतःच्या बाजूने पुरावा शोधायला घेतला.

पंखा घरघरायला लागला. दीनानाथ चमकले. अनन्या घरात नव्हती, तिचं सॉफ्टवेअर उघडलेलं नव्हतं, मग हा कशाला धापा टाकतोय? त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर शंभर टक्के! काही न करता शंभर टक्के! प्रोसेसरच्या रकान्यावर क्लिक केल्यावर सगळ्यात खादाड प्रोग्रॅम वर आले, आणि ते पाहून दीनानाथांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

वरच्या दोन्ही जागांवर अँटिव्हायरस होते. एक नव्हे, दोन, आणि दोन्ही त्यांनीच बसवलेले. एकाच बंदोबस्तावर गाडी सोडायची नाही, हे नोकरीत अंगी भिनलेलं; तेव्हा एक पहारेकरी चुकला तर दुसरा हवाच, असा त्यांचा हिशेब. पण हे दोघे एकमेकांवरच पहारा देत होते. एकाने तपासायला फाइल उघडली की दुसरा तीच फाइल तपासायला धावायचा. घरात चोर नव्हताच. होती ती पोरीची फिल्म, आणि दोघांच्या झटापटीत तिचा जीव जात होता.

"अगं, हे तर मीच..." दीनानाथ पुटपुटले.

"तेच सांगत होती ना ती तुम्हाला," सुचित्राबाई म्हणाल्या.

"काय सांगत होती?"

"की दोन अँटिव्हायरस आपस में लड़ रहे हैं. किती दिवस मागे लागली होती तुमच्या. शेवटी स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, आजी, अँटिव्हायरसला मराठीत काय म्हणतात? आता मला तरी कुठे ठाऊक!"

ज्या पोरीने बिघाड अचूक ओळखला, तिलाच दीनानाथांनी लाल दिवा दाखवला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, मनापासून वाटली.

त्यांनी एक अँटिव्हायरस काढून टाकला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. प्रोसेसरचा आकडा झरझर खाली आला, पंखा शांत झाला. त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"अनन्या, घर आ जा बेटा. मशीन ठीक हो गई. गलती मेरी थी. तू जिस भाषा में बोलेगी, मैं सुनूँगा."

पलीकडून घाबरलेला, एकेक शब्द जुळवत आलेला आवाज ऐकू आला, "आजोबा, तुम्हाला बरं नाहीये का? आजीला फोन द्या. आणि मशीन चालू ठेवा, मी रिक्षात बसतेच आहे."