पुण्याच्या भिंतीवर कपबशी

सात फेब्रुवारी, शनिवार. प्रचाराच्या माणसांसाठी परातभर पोहे भिजवले, ते निथळत होते, आणि नेमक्या त्याच वेळी पुण्यात एका भिंतीवर मी विरोधी पॅनेलमध्ये गेले.

मला याची कल्पना नव्हती. मी कांदा चिरत होते.

त्याचं असं झालं. आमचे हे, दत्ताभाऊ, गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते. यवतजवळच्या राहू गावाच्या पुढचं आमचं गाव, गावात शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी एक सोसायटी, आणि तिच्या संचालकाच्या खुर्चीपायी भाऊ भावाशी बोलायचा थांबतो. (खुर्ची प्लास्टिकची आहे. मी स्वतः बघून आले आहे.) यांच्या पॅनेलचं चिन्ह विमान. समोर सर्जेराव आप्पांचं पॅनेल, त्यांचं चिन्ह कपबशी. मागच्या वेळी हे पडले आणि त्यानंतर कितीतरी महिने लाजेनं गावात फिरकले नाहीत. म्हणजे घरात बसले. सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी स्वयंपाकघरात, आणि संध्याकाळी 'आमटीत मीठ जरा बेतानं' हे सांगायला पुन्हा स्वयंपाकघरात! त्यामुळे या खेपेला हे निवडून यावेत, ही गावापेक्षा माझी गरज होती. मतदान पुढच्या रविवारी होतं.

आमची लेक ऋतुजा पुण्यात फोटोग्राफी शिकते. त्या शनिवारी पुण्यात फोटोंचा मोठा महोत्सव सुरू होणार होता. एखाद्या सभागृहात नव्हे, शहरभर! बागांच्या कुंपणांवर, पुलांखाली, जुन्या इमारतींच्या भिंतींवर. त्यात हिचाही एक फोटो निवडला होता, आणि तो माझा होता. तिनं मागे फोनवर विचारलंही होतं, "आई, तुझा फोटो मोठा करून लावू का?" मी म्हटलं, लाव. मला वाटलं, भाच्याच्या लग्नातला असेल, पैठणीतला. आणि मोठा म्हणजे कॅलेंडरएवढा.

पोह्यांवर कोथिंबीर टाकत होते तेवढ्यात तिचा फोन.

"आई, लागला गं! पाठवलाय बघ. दोन मजले उंच!"

"कोण दोन मजले?"

"तू!"

मी फोटो उघडला. कांद्याच्या ढिगावर मी बसलेली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, साडी पोटरीपर्यंत खोचलेली, एका हातात कांदा आणि तोंड उघडं. (मजुरांवर ओरडत होते.) तोंड इतकं उघडं की किडलेली दाढसुद्धा स्पष्ट. माझं सगळं लक्ष त्या दाढेवर. दोन मजली माणसाची दाढ केवढी असेल, याचा हिशेब मी करत होते. बाकी अंगावर काय आहे, हे बघायचं मला सुचलंच नाही.

तेवढ्यात यांनी फोन ओढला. चष्मा नेहमीप्रमाणे गाडीत.

"आयला! पुण्यात? भिंतीवर? आगं, हे तर प्रचाराला कामाला येतंय!"

आणि मी "थांबा" म्हणायच्या आत यांनी तो फोटो पॅनेलच्या ग्रुपवर, गावच्या ग्रुपवर आणि पावण्यारावळ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या सौ. पुण्यात झळकल्या! विमानाची भरारी, आता येणार बारी!'

ओट्यावर पोहे खायला बसलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजले. सगळ्यांनी एकदम बघितलं. पोह्याचा घास तोंडात तसाच.

शेवटी पॅनेलप्रमुख नाना हळूच म्हणाले, "दत्ताभाऊ, चष्मा कुठाय तुमचा?"

"का?"

"लावा की जरा."

यांनी गाडीतून चष्मा आणून लावला. फोटो मोठा केला. अजून मोठा केला. मग असे ओरडले की गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

"ही कपबशी हाय!"

"कुठं?" मी म्हटलं.

"तुझ्या अंगावर!"

होती. शेतात काम करताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट नाहीतर कसलासा टी-शर्ट चढवायची आमच्याकडच्या सगळ्या बायकांची रीत. ऊन लागत नाही, ब्लाउज मळत नाही. त्या दिवशी मी चढवला होता तो पोपटी टी-शर्ट मागच्या निवडणुकीत आप्पांच्या पॅनेलनं घरोघर वाटलेला. छातीवर ही एवढी कपबशी, आणि खाली 'कपबशीलाच मत'!

"आप्पांचा टी-शर्ट घातलास तू? आप्पांचा?"

"आप्पांचा न्हाई. आप्पांनी वाटलेला."

"पर का?"

"कापड जाड हाय म्हनून! तुमच्या पॅनेलचा घातलाच हुता की आधी. पहिल्या धुण्यात विमान गेलं, दुसऱ्या धुण्यात बाह्या गेल्या. आता त्यानं ट्रॅक्टर पुसताय तुम्ही."

(ते टी-शर्ट नानांनीच आणले होते. नाना पोह्यातले शेंगदाणे निवडायला लागले.)

माझे सासरे, आबा, कोपऱ्यात बसून आपल्या फोनवर फोटो न्याहाळत होते. ते म्हणाले, "पर कांदा झ्याक आलाय फोटूत. उन्हाळी गरवा कांदाच हाय ना ह्यो?"

दुपारपर्यंत आप्पांच्या प्रचाराचा टेम्पो आमच्या दारासमोर येऊन थांबला. भोंगा आमच्या घराकडे वळवला आणि सुरू! "ऐका हो ऐका! आपली कपबशी पोचली पुण्याच्या भिंतीवर! विमानवाल्यांच्या घरातून कपबशीला जाहीर पाठिंबा! वहिनींचे मनःपूर्वक आभार!"

संध्याकाळी शिरूरहून धाकट्या बहिणीचा फोन. आवाज एकदम मऊ.

"आक्का, खरं सांग. तुझं आन् दाजींचं बिनसलंय का?"

"न्हाई गं! कांदे काढत हुते."

"हिकडं सगळी म्हनत्यात, तू पार्टी बदलली. चार दिवस ये माझ्याकडं. मन मोकळं व्हईल."

मी फोन ठेवला आणि ऋतुजाला लावला. "काढ तो फोटो."

"आई, तो भिंतीला चिकटवलाय. महोत्सव संपेपर्यंत निघत नाही. आणि लोकांना किती आवडलाय! त्याचं नाव मी 'मालकीण' ठेवलंय."

यांनी फोन हिसकावला. "मालकीण? आन् मालक कुठाय?"

"पप्पा, मालक त्या दिवशी सावलीत झोपले होते."

तीन-चार दिवस हे धड जेवले नाहीत. प्रचाराला ज्या दारात जातील तिथे माणसं विचारायची, "वहिनी बऱ्या हायेत ना?" आणि मागून हसायची. हे आल्यावर सरळ स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले. मला पुढचं सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. म्हणून मीच तोडगा काढला. (इथून पुढे जे झालं त्याला तोडगा म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.)

मी म्हटलं, "फोटो निघत न्हाई ना? मग कपबशीवर विमानाचा फ्लेक्स लावू. तेवढंच झाकायचंय. शिडी घ्या, चिकटपट्टी घ्या, चला."

गुरुवारी पिकअपमध्ये शिडी टाकून आम्ही पुण्याला गेलो. ऋतुजाला काही कळवलं नाही. ती भिंत सापडली आणि आम्ही दोघं खाली उभं राहून वर बघत राहिलो. माणसाला आपण घरात केवढे वाटतो आणि असतो केवढे! ती बशी एवढी होती की तीत आमची म्हैस पाय दुमडून बसली असती. आणि आमचा फ्लेक्स? त्यानं त्या कपाचा कान जेमतेम झाकला असता.

"आता?" हे म्हणाले.

"आता आलोय तर चढा," मी म्हटलं. "निदान 'मत' तरी झाकू."

हे शिडीवर चढले. मी खालून शिडी धरली. महोत्सवाचा पहिलाच आठवडा, रस्त्यावर जो तो गळ्यात कॅमेरा अडकवून फिरत होता. बघता बघता गर्दी जमली. एक दाढीवाला तरुण माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाला, "काकू, हा परफॉर्मन्स आहे का?"

"न्हाई. निवडणूक हाय."

"वा!" तो म्हणाला आणि त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला.

"ए, फोटो काढू नको!" असं म्हणून मी त्याला हटकायला एक हात सोडला. एकच! पण शिडीला तेवढं पुरलं. ती सरकली. फ्लेक्स यांच्या हातून सुटला तो थेट त्या दाढीवाल्याच्या डोक्यावर. आणि यांनी जीव वाचवायला जे समोर होतं त्याला कवटाळलं. समोर कपबशी होती, आणि पायाखाली नशिबानं भिंतीची वीतभर पुढे आलेली कड.

दोन्ही हात पसरलेले, गाल कपाला टेकवलेला, डोळे मिटलेले. एकदम दहा-बारा कॅमेरे वाजले.

तेवढ्यात ऋतुजा मित्रमैत्रिणींना फोटो दाखवायला घेऊन आली.

"पप्पा! तिथे काय करताय? खाली या!"

"शिडी लावा की मग आधी!"

परत येताना यवतला चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं चहा कपबशीत आणला. हे उठले आणि गाडीत जाऊन बसले. मी दोन्ही कप प्यायले. दुसरा संपतोय तोवर फोन वाजला. मिठीचा फोटो आमच्या आधी गावात पोचला होता.

शुक्रवारी भोंगा पुन्हा दारात. "ऐका हो ऐका! विमानाच्या उमेदवारालासुद्धा शेवटी कपबशीचाच आधार!"

नाना दुसऱ्या दिवशी पोहे खायला आले नाहीत. पॅनेलमधलं कुणीच आलं नाही. परातभर पोहे आम्ही आणि म्हशीनं संपवले.

रविवारी मतदान झालं. मी गेले तेव्हा रांगेतल्या बायकांनी मला नवऱ्याविरुद्ध उभी राहिलेली बाई म्हणून आदरानं पुढे सोडलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. हे शाळेच्या गेटापाशी हात जोडून एकटेच उभे होते. येणारा प्रत्येक माणूस यांच्याकडे बघायचा आणि खाली मान घालायचा. एका म्हाताऱ्या मावशींनी तर यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आसू दे बाबा. व्हतंय आसं," म्हणाल्या.

संध्याकाळी मोजणी झाली. विमानाचं पॅनेल पडलं. नाना पडले, त्यांचा भाऊ पडला, एकूण एक पडले. निवडून आले एकटे हे!

गावाला कारण विचारायची गरजच नव्हती. ते गल्लीतून ऐकू येत होतं. "आरं, ज्याला घरातलं मत न्हाई, त्याला गावानं तरी द्यावं!" सर्जेराव आप्पा स्वतः हार घेऊन आले. यांच्या गळ्यात घातला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आमच्या मानसांनी बी दिली यांना. दया आली वो. त्या भिंतीला असं चिकटलेलं बघवंना."

हे हार न काढताच माझ्यासमोर येऊन बसले.

"खरं सांग, तू कुणाला दिलंस?"

"तुम्हालाच की!"

यांनी चष्मा लावून माझ्या तोंडाकडे बघितलं. अख्ख्या गावानं यांना मत दिलं, आणि त्यातल्या एकाच माणसावर यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कडक इस्त्रीचे कपडे घालून सोसायटीत गेले. स्वयंपाकघर मोकळं झालं. मी आबांच्या भाकरी झाकून ठेवल्या, यवतला जाऊन पुण्याची एसटी पकडली आणि त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. एवढ्या दिवसांत सगळ्या तालुक्यानं माझा टी-शर्ट बघितला, मीही तोच बघितला. म्हटलं, एकदा आपलं तोंड तर बघावं.

तोंड बरं होतं. दाढ सोडली तर ऐटीतच होतं म्हणायला हरकत नाही. मी मान वर करून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, जरा बाजूला होता का? तुम्ही फोटोच्या मध्ये येताय."

एक तरुण मुलगा, हातात कॅमेरा.

मी म्हटलं, "अरे बाळा, ती मीच हाय."

त्यानं वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि फार समजूतदार आवाजात म्हणाला, "हो काकू, प्रत्येकच स्त्रीला तसं वाटतंय इथे. हीच तर या फोटोची ताकद आहे! आता जरा डावीकडे सरकता?"

मी सरकले. त्याला फोटो नीट घेता यावा म्हणून त्याची पिशवीही धरली.